गॅलरीवाली चाळ, लेगोचे १४४ तुकडे: मायक्रोस्केल मॉडेल डिझाइन करण्यापासून शेअर करण्यापर्यंत सगळं

माझं आजोळ गिरगावात, तळमजला अधिक तीन, लाकडी कठडे, लाल कौलं, खाली अंगण. ती चाळ आता नाहीये, तिच्या जागी टॉवर आहे. म्हणून लेगोत पहिलं धड मॉडेल करायचं ठरवलं तेव्हा दुसरं काही डोक्यात आलंच नाही. हा लेख त्या चाळीवरच लिहितोय, कारण नुसतं "असं करा तसं करा" सांगण्यापेक्षा एक आख्खी वस्तू शेवटपर्यंत करून दाखवली की बाकीचं आपोआप कळतं, मग तुम्ही तुमचं गाव, शाळा, एसटी स्टँड काय हवं ते करा.

मायक्रोस्केल म्हणजे लेगोच्या त्या पिवळ्या माणसाच्या, मिनिफिगच्या मापापेक्षा बरंच लहान. मिनिफिग मापात चाळ करायची तर हजारो तुकडे लागतील आणि ठेवायला टेबल लागेल. लेगोनेच ताजमहाल दोन मापांत काढलाय त्यावरून अंदाज येतो, २००८ चा मोठा सेट ५,९२२ तुकड्यांचा आणि २०२१ चा आर्किटेक्चर सिरीजमधला २,०२२ तुकड्यांचा, आणि छोट्यातला ताजमहालही लांबून बघितला तरी कुणी दुसरं काही म्हणणार नाही. आपली चाळ १४४ तुकड्यांत होते आणि तळहातावर मावते.

सगळ्यात आधी: ओळख कशात आहे?

मॉडेल फसतं ते नेहमी इथेच. फोटो समोर ठेवतो आणि जे जे दिसतं ते सगळं घालायला जातो, पाण्याचे पाइप, मीटरचे डबे, अँटेना, आणि शेवटी एक ढीग तयार होतो. त्याऐवजी एक कागद घ्या, फोटो बंद करा, आणि आठवणीतून ती इमारत दहा रेघांत काढा. जे दहा रेघांत आलं तीच ओळख. मी काढलं तेव्हा काय आलं, तर आडव्या गॅलऱ्या एकावर एक, मधे मधे उभे खांब, दारांची रांग, उतरतं छप्पर. बस्स. पाइप आलेच नाहीत.

लहानपणी दिवाळीत मातीचा किल्ला केलेल्या कुणालाही हे खरं तर माहीत आहे. आपण काय रायगडाची मोजमापं घेऊन बसायचो का? तटबंदी, बुरूज, दरवाजा, वर महाराज, पायथ्याशी मावळे आणि अळीव पेरून हिरवळ, झाला किल्ला, आणि येणाऱ्या प्रत्येकाला तो किल्लाच दिसायचा. मायक्रोस्केल म्हणजे तीच नजर, फक्त मातीऐवजी मापात बसणारे ठोकळे.

एक मात्र सांगतो, "चाळ" म्हटलं की सगळ्या सारख्या नसतात. मुंबईतल्या बीडीडी चाळींच्या मूळच्या २०७ इमारती, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी, त्यांना बाहेरून गॅलरी नव्हती, पॅसेज मधून जायचा आणि दोन्ही बाजूंना खोल्या. तिथे ओळख सपाट भिंतीवरच्या खिडक्यांच्या रांगांत आहे. तिला हे डिझाइन लावलंत तर जो तिथे राहिलाय तो लगेच म्हणेल ही आमची नाही. म्हणून आधी बघा, मग बांधा.

माप ठरवणं

लेगोचे आकडे पाठ करून टाका, फार नाहीत. वरचा जो गोल उंचवटा असतो तो स्टड, एका स्टडच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ८ मिमी. पूर्ण ठोकळा म्हणजे ब्रिक, उंची ९.६ मिमी. पातळ तुकडा म्हणजे प्लेट, ३.२ मिमी, म्हणजे तीन प्लेटी एकावर एक ठेवल्या की एक ब्रिक. टाइल म्हणजे प्लेटीएवढीच पण वर स्टड नसलेली, गुळगुळीत. आणि एक जादूचा आकडा, पाच प्लेटींची उंची बरोबर दोन स्टडच्या रुंदीएवढी, १६ मिमी. तुकडे आडवे लावायची वेळ आली की हाच आकडा कामाला येतो.

आता चाळीचा मजला साधारण दहा फूट धरा, म्हणजे ३ मीटर. मी आधी एक मजला एक ब्रिक धरून बघितलं, माप आलं जवळपास १:३१२, आणि दहा फुटांची खोली एका स्टडपेक्षा थोडीच मोठी झाली. एका स्टडमध्ये दार आणि खिडकी दोन्ही कसं घालणार? मग मजला केला एक ब्रिक अधिक एक प्लेट, १२.८ मिमी. ३००० भागिले १२.८ म्हणजे २३४ च्या आसपास, तर माप १:२३४. या मापात एक स्टड म्हणजे जवळपास १.८७ मीटर, दोन स्टडची एक खोली, एका स्टडचं दार आणि एका स्टडची खिडकी. खोली थोडी रुंद होते खरी, पण डोळ्याला खटकत नाही. प्लेट म्हणजे मजल्याची स्लॅब, ब्रिक म्हणजे भिंत. असं सगळं आपोआप बसायला लागलं की समजायचं माप बरोबर सापडलं.

म्हणजे नियम असा की माप आधी ठरवून त्यात इमारत कोंबायची नाही, इमारतीतली जी सगळ्यात जास्त वेळा येणारी गोष्ट आहे (इथे खोली) ती नीट बसेल असं माप शोधायचं.

सॉफ्टवेअर

हातात तुकडे असतील तर सरळ हाताने जुळवा, त्यासारखं काही नाही. पण शेअर करायचं असेल तर कधीतरी कॉम्प्युटरवर यावंच लागतं. मी ब्रिकलिंकचं स्टुडिओ वापरतो, फुकट आहे, विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतं. (ब्रिकलिंक म्हणजे सुटे तुकडे विकणाऱ्या दुकानांचा मोठा ऑनलाइन बाजार, २०१९ मध्ये लेगोने विकत घेतला.) इन्स्टॉल करायचं नसेल तर मेकाब्रिक्स ब्राउझरमध्येच चालतं, आणि लिनक्सवाल्यांसाठी लिओकॅड आहे. जुन्या लोकांना लेगो डिजिटल डिझायनर आठवत असेल, ते आता बंद झालंय, त्यात अडकू नका. स्टुडिओ आणि लिओकॅड या दोन्हींच्या मागे एलड्रॉ नावाची तुकड्यांची लायब्ररी आहे, जेम्स जेसिमन या ऑस्ट्रेलियन माणसाने १९९५ मध्ये सुरू केलेली, तो १९९७ मध्ये अगदी तरुण वयात गेला आणि लोकांनी ते काम आजवर चालू ठेवलंय. मला हे फार मोठं वाटतं.

स्टुडिओत दोन गोष्टी पहिल्याच दिवशी चालू करा. एक, टक्कर तपासणी, म्हणजे दोन तुकडे एकमेकांत घुसले तर ते दाखवतं. दुसरी, रंगाची तपासणी. कॉम्प्युटरवर तुम्ही कुठलाही तुकडा कुठल्याही रंगात रंगवू शकता, पण तो तुकडा त्या रंगात कंपनीने कधी बनवलाय का हा वेगळा प्रश्न. चाळीला फिकट हिरवा रंग किती छान दिसला असता, सँड ग्रीन, पण हवे ते तुकडे त्या रंगात मिळतीलच असं नाही आणि मिळाले तरी महाग. म्हणून भिंती टॅन रंगात केल्या, जुन्या चुन्याच्या पिवळट भिंतीसारखा. हाच रंग लेगो स्वतः ब्रिक यलो म्हणते, त्यामुळे खरेदी करताना नावात गोंधळ होतो, नावापेक्षा चित्र बघा.

आता बांधूया

पाया: ८×१६ ची एक प्लेट (असे आकडे म्हणजे स्टड मोजून रुंदी आणि लांबी, आणि पुढे कंसात येतात ते तुकड्यांचे नंबर). पुढच्या दोन ओळी अंगण, तिसरी ओळ गॅलरी, चौथी पुढची भिंत, आठवी मागची भिंत, मधलं पोकळ. आत काही भरत बसू नका, दिसत नाही आणि तुकडे वाया जातात.

पुढची भिंत म्हणजे या मॉडेलचा जीव. १६ स्टड. डावीकडे चार खोल्या, मग दोन स्टडचा जिना, मग तीन खोल्या. प्रत्येक खोलीला एक १×१ ब्रिक (३००५) रेडिश ब्राउन, ते दार. शेजारी एक हेडलाइट ब्रिक (४०७०) टॅन, पण उलटा. या ब्रिकच्या पुढच्या बाजूला आत बसवलेला एक स्टड असतो आणि मागे चौकोनी भोक. स्टडवाली बाजू आत फिरवा, भोकवाली बाहेर. ते भोक म्हणजे खिडकी! आत अंधार असतो त्यामुळे खरीच उघडी खिडकी वाटते. मायक्रोस्केलवाले हा प्रकार कायम वापरतात, मी शोधलेला नाही, पण पहिल्यांदा फिरवून बघितलं तेव्हा मी कितीतरी वेळ तो एकच तुकडा हातात घेऊन बसलो होतो.

जिन्याच्या जागी भिंत उघडी ठेवा आणि एक ओळ मागे १×२ चा काळा ब्रिक लावा. समोरून बघितलं की अंधारा जिना दिसतो, तसाच जसा असायचा, दुपारीही हाताने चाचपडत चढायला लागायचं.

बाजूच्या भिंतींना १×३ ब्रिक एकेक, मागे १×४ चे चार. पुढे तिसऱ्या ओळीत खांब, १×१ चा गोल ब्रिक (३०६२बी), पहिल्या, सहाव्या, अकराव्या आणि सोळाव्या स्टडवर. त्यांच्यामध्ये बरोबर चार-चार स्टड उरतात. तळमजल्यावर तिथे करड्या १×४ टाइल (२४३१) बसवा, तो ओटा. वरच्या मजल्यांवर तीच टाइल रेडिश ब्राउन, तो कठडा.

कठड्याबद्दल थोडं जास्त बोलतो कारण इथे मी दोन आठवडे अडकलो होतो. चाळीचा कठडा म्हटल्यावर जाळीची टाइल (२४१२बी) आठवणारच, तिच्यावर रेघा असतात, ती उभी करून लावली की काय सुंदर दिसेल असं वाटलं. त्यासाठी बाजूला स्टड असलेले ब्रिक (८७०८७) आणले, आडवं बांधकाम केलं, सगळं जमलं, आणि इमारत पिंजऱ्यासारखी दिसायला लागली. का ते कळेना. मग गणित केलं. उभ्या टाइलची उंची ८ मिमी, १:२३४ ने म्हणजे १.८७ मीटर, माणसाच्या डोक्यावरून जाणारा कठडा! आणि साधी टाइल सपाट ठेवली तर ३.२ मिमी, म्हणजे पाऊण मीटर, कंबरेएवढा. जाळी नाही, रेघा नाहीत, गॅलरी तर खरं म्हणजे पूर्ण भरून गेली कारण टाइलच एक स्टड खोल आहे, पण वर दोन प्लेटींची मोकळी पट्टी राहते आणि त्या पट्टीत वरच्या स्लॅबची सावली पडते. ती सावलीच गॅलरी दाखवते.

तळमजला झाला की वर ६×१६ ची प्लेट (३०२७), ती तिसऱ्या ओळीपासून आठव्या ओळीपर्यंत सगळं झाकते. तिच्यावर पुन्हा तीच भिंत, तेच खांब, कठडा. असे तीन मजले. एका सलग प्लेटीने सगळ्या १×१ च्या तुकड्यांना धरून ठेवलंय म्हणून हे डिझाइन पक्कं होतं, नाहीतर नुसते १×१ एकावर एक रचले असते तर बोट लागलं की पडलं असतं. शेवटी चौथी ६×१६ प्लेट, तिच्यावर लाल उतरते ब्रिक (३२९७), पुढे चार मागे चार, पाठीला पाठ लावून. मधे वर जी स्टडची दोन ओळींची पट्टी राहते तिच्यावर २×४ च्या चार टाइल. पूर्ण उंची ६७.२ मिमी, लांबी १२८, खोली ६४.

आता अंगण. तीन २×४ टाइल टाकल्या की २×४ एवढी जागा उरते. एका कोपऱ्यात टॅन १×१ ब्रिक आणि त्यावर हिरवी गोल प्लेट, तुळशी वृंदावन. बाकी जागेत दिवाळीचा किल्ला: डार्क टॅन २×२ प्लेट, तिच्या तीन कोपऱ्यांवर चीज स्लोप (५४२००, चीजच्या तुकड्यासारखा दिसतो म्हणून ते नाव), चौथ्या कोपऱ्यावर गोल ब्रिकचा बुरूज आणि त्यावर नारिंगी टाइल. स्केलने बघाल तर हा किल्ला पावणेचार मीटर लांब होतो, पोरांनी केलेला किल्ला एवढा कुठे असतो, पण खऱ्या मापाने केला असता तर एक स्टडही झाला नसता आणि कुणाला दिसलाच नसता. जिथे ओळख आहे तिथे माप खुशाल मोडा.

आणि दुसऱ्या मजल्यावर एका कठड्याची १×४ टाइल काढून तिथे एक १×२ टाइल आणि दोन १×१ प्लेटी, त्यांच्यावर दोन रंगीत १×१ टाइल. वाळत घातलेले कपडे. एकाच ठिकाणी करा, सगळ्या गॅलऱ्यांत केलं तर गजबज होते आणि आडव्या रेषा तुटतात.

तुकडे कुठून आणायचे

घरातल्या डब्यात आधी बघा, मग मित्रांच्या. स्टुडिओतून तुकड्यांची यादी थेट ब्रिकलिंकवर टाकता येते, पण बहुतेक दुकानं परदेशातली, त्यामुळे पोस्टेज आणि कस्टम दोन्ही धरा. खेळण्यांवरची ड्युटी २०२० च्या बजेटमध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०, त्यामुळे ऑर्डर टाकायच्या आधी आजचा दर बघून पूर्ण हिशोब करा आणि शक्य असेल तर तीन-चार जणांनी मिळून एकच पार्सल मागवा. एकदा माझ्या पाकिटात हेडलाइट ब्रिक मोजून पाच कमी आले होते, दुकानदाराने पैसे परत दिले पण पाच तुकड्यांसाठी चाळ महिनाभर अर्धवट राहिली, तेव्हापासून १×१ चे तुकडे मी नेहमी चार-पाच जास्तच मागवतो. आणि जुने वापरलेले रेडिश ब्राउन तुकडे घेताना सांभाळून, काही वर्षांतला त्या रंगाचा माल ठिसूळ निघाला होता, काढायला गेलं की तडकतो.

दुसऱ्या कंपन्यांचे ठोकळे चालतात का? माप जुळतं, बसतातही, फक्त रंगाच्या छटा वेगळ्या असतात. पूर्ण भिंत एकाच कंपनीची ठेवा म्हणजे झालं.

शेअर करताना

बरेच जण एक फोटो टाकतात आणि विषय संपतो. मला तसं आवडत नाही. मॉडेल शेअर केलं म्हणजे सोलापुरातल्या किंवा सिंगापूरमधल्या कुणाला तरी ते स्वतःच्या हाताने बांधता आलं पाहिजे. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: कृतीची पुस्तिका, तुकड्यांची यादी आणि फोटो.

पुस्तिका स्टुडिओतच बनते, पण ते आपोआप ज्या पायऱ्या पाडतं त्या तशाच सोडू नका. एका पायरीत सहा-सात तुकड्यांपेक्षा जास्त नको. वरचे तीन मजले सारखे आहेत, त्यांचा वेगळा उपभाग करा आणि "×३" लिहा, पंधरा पानं वाचतात (कपडेवाला मजला मात्र वेगळा दाखवा, मी विसरलो होतो). उलटा हेडलाइट ब्रिक चित्रात पटकन कळत नाही, तिथे मॉडेल फिरवून मागची बाजू दाखवणारी एक पायरी जास्तीची घाला. काळा आणि गडद तपकिरी छापल्यावर सारखे दिसतात, म्हणून जिन्याच्या काळ्या ब्रिकपाशी बाण द्या.

मग ती पुस्तिका अशा माणसाला द्या ज्याने मॉडेल बघितलेलं नाही, आणि शेजारी बसून गप्प राहा. हे सगळ्यात अवघड आहे. माझ्या भाचीला दिली, नऊ वर्षांची, तिने तिसऱ्या पायरीला विचारलं "मामा, हे दार की भिंत?" आणि मला कळलं की जिन्याची मोकळी जागा मी चित्रात कुठे दाखवलीच नाहीये. जिथे ती थांबली तिथे मी फक्त पेन्सिलने खूण करत गेलो, सात खुणा झाल्या, सातही पायऱ्या बदलल्या.

फोटोला स्टुडिओ-बिडिओ काही लागत नाही. खिडकीजवळ टेबल, सकाळचा उजेड, मागे पांढरा कार्डशीट भिंतीला टेकवून वाकवलेला म्हणजे कोपरा दिसत नाही. मऊ ब्रशने धूळ झाडा, मायक्रोस्केलमध्ये एक केससुद्धा दोरखंडासारखा दिसतो. फोन जवळ नेऊ नका, लांब ठेवून झूम करा नाहीतर इमारत फुगलेली दिसते. आणि फोन उलटा धरा, कॅमेरा टेबलाला लागला पाहिजे, म्हणजे अंगणात उभं राहून वर बघितल्यासारखी चाळ दिसते. त्या एका फोटोने माझ्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. एक फोटो कटिंगच्या ग्लासाशेजारी काढा, आकार कळायला.

टाकायचं कुठे? रीब्रिकेबल ही वेबसाइट मला सगळ्यात सोयीची वाटते, तिथे यादी टाकली की समोरच्याला त्याच्याकडच्या तुकड्यांतून किती टक्के होतं ते कळतं, आणि पुस्तिका फुकट द्यायची की विकायची ते तुम्ही ठरवता. लेगो आयडियाज हा वेगळा खेळ आहे, तिथे १०,००० लोकांचा पाठिंबा मिळाला तर कंपनी तुमच्या मॉडेलचा सेट काढायचा विचार करते, त्याचे नियम आधी नीट वाचा. कुठेही टाका, लेगोचा लोगो स्वतःच्या पुस्तिकेवर छापू नका आणि एक ओळ लिहा की लेगो हा लेगो ग्रुपचा ट्रेडमार्क आहे आणि त्यांचा या मॉडेलशी संबंध नाही. कुणाची युक्ती घेतली असेल तर त्याचं नाव द्या. फुकट देत असाल तर "घरी बांधा, बदला, विकू नका" असं काय ते स्पष्ट लिहा, नंतर भांडण नको.

वर्णन मराठीत लिहा, फक्त तुकड्यांचे नंबर आणि रंगांची इंग्रजी नावं तशीच ठेवा म्हणजे शोधता येतात. आणि फाइलच्या नावात आवृत्तीचा आकडा घाला. माझ्या पहिल्या यादीत कठड्याच्या टाइल आठच होत्या, नऊ हव्यात (एक कपड्यांसाठी मोडली तरी मूळ यादीत नऊच लिहा, सगळ्यांना कपडे नको असतात), ते दुरुस्त करून दुसरी आवृत्ती टाकली आणि वर तारखेसकट लिहिलं काय बदललं. परवा एकाने त्याच्या आजोळचा फोटो पाठवलाय, तिथे जिना डाव्या टोकाला आहे. तिसऱ्या आवृत्तीत तो पर्याय घालतोय, पहिला आणि दुसरा स्टड जिन्याला, बाकी चौदात सात खोल्या, तुकडे तेवढेच लागतात, फक्त काळ्या ब्रिकला जागा व्हायला डाव्या बाजूच्या भिंतीत १×३ च्या जागी १×२ ब्रिक येतो.